तो सीन कापायला नको होता

आज दुपारी जेवणं उरकून अण्णांसोबत, म्हणजे माझ्या वडिलांसोबत, टीव्हीपुढं बसलो होतो. एका चॅनलवर हिंदी डब केलेला ‘बम्बलबी’ लागला होता. गॅरेजचा सीन आला. ती पोरगी टॉर्च घेऊन गाडीखाली शिरते, वर बघते, गाडी हलते, उलगडायला लागते आणि जाहिराती सुरू. जाहिराती संपल्या तर सीनच गायब! पिक्चर थेट पुढं गेलेला.

पाठलाग सगळा ठेवला. धडाधडी सगळी ठेवली. कात्री लावली ती नेमकी अख्ख्या पिक्चरचा जीव जिथं आहे तिथं. वरच्या मजल्यावरचा पोरगा बसला होता आमच्यात, इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणतो, “काका, बरं झालं की ओ, तेवढाच बोअर पार्ट होता.” तेव्हापासून डोकं तापलंय. लेकराला काय बोलणार, म्हणून इथं लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ‘बम्बलबी’ हा ‘ट्रान्सफॉर्मर्स’ मालिकेतला. ‘ट्रान्सफॉर्मर्स’ म्हणजे गाड्यांचे रोबो होतात ते पिक्चर. 1984 मध्ये हॅस्ब्रो कंपनीनं आणलेल्या खेळण्यांवरनं निघालेले. 2007 ते 2017 मध्ये मायकल बे या दिग्दर्शकानं पाच भाग काढले. पहिल्या भागात ट्रकचा रोबो झाला तेव्हा मीही शिट्टी मारलीय, ते नाकारत नाही. पण पुढं काय केलं? दर भागात जास्त इमारती पाडल्या, जास्त आवाज केला, जास्त वेळ घेतला. 2014 चा चौथा भाग पावणेतीन तासांचा होता. पावणेतीन तास लोखंडावर लोखंड!

तो भाग मी अण्णांना घेऊन पाहिला होता. आमचे अण्णा म्हणजे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. यंत्रमागाच्या खडखडाटात उभं आयुष्य गेलं आणि त्यातच कान गेले. आपल्या सोलापुरात असे बाप घरोघरी आहेत, मी नव्यानं सांगायला नको. ऐकू कमी यायला लागलं तसं ते मागाच्या फ्रेमवर तळहात टेकवून सांगायचे, कुठं ढिलं झालंय, धोटा का अडकतोय. मालक ऐकून घ्यायचा, कारण ते चुकायचे नाहीत.

तर त्या पिक्चरच्या मध्यंतरात अण्णांनी मला विचारलं, “हे उघडतंय कुठनं आणि मिटतंय कुठं? कुठला भाग कशाला जोडलाय तेच दिसंना. आणि चांगला कोण, वाईट कोण?” मला सांगता येईना. ज्या माणसानं जन्मभर मशिनी उघडून परत जोडल्या त्याला जर मशीनच समजत नसेल, तर दोष माणसाचा नाही, मशीन दाखवणाऱ्याचा आहे.

पाचवा भाग आला तोवर लोक पार कंटाळले होते. आणि मग 2018 च्या डिसेंबरात ‘बम्बलबी’ आला, आपल्याकडं जानेवारीत, सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत. बहिणीची पोरं यात्रेला आलेली, त्यांनी हट्ट धरला. मी नाखुशीनं तिकिटं काढली. अण्णा तर नुसते नातवंडांसाठी आले.

आणि काय पिक्चर निघाला ओ!

गोष्ट 1987 ची. कॅलिफोर्नियातली चार्ली नावाची पोरगी, नुकती अठरा वर्षांची झालेली. बाप अचानक गेलाय. बापलेक मिळून एक जुनी गाडी दुरुस्त करत होते, ती गॅरेजात अर्धवट पडलीय आणि काही केल्या सुरू होत नाही. पोहण्यातली हुशार पोरगी, उंचावरून पाण्यात सूर मारायची, बाप गेल्यावर तेही सोडलेलं. तिला भंगारच्या यार्डात एक पिवळी बीटल गाडी मिळते. तोच बम्बलबी. शत्रूनं त्याचा आवाज काढून घेतलाय, आठवण पुसली गेलीय. बस, एवढंच. दोन तासांच्या आत संपतो. रोबो इतके मोजके की प्रत्येक वेगळा ओळखू येतो.

गॅरेजचा तो सीन. एवढं मोठं यंत्र उलगडून उभं राहतं आणि त्या पोरीलाच घाबरतं. अंग चोरून कोपऱ्यात बसतं. मान खाली, हात जवळ घेतलेले, निळ्या डोळ्यांची उघडझाप. थेटर गप्प झालेलं आणि अण्णा मोठ्यानं म्हणाले, “घाबरलंय बघ ते!” कान गेलेला माणूस मोठ्यानंच बोलतो. पुढच्या रांगेतले मागं वळले. कुणीतरी म्हणालं, “काका, हळू.” अण्णांना ते ऐकू गेलं नाही. ते पुढं वाकून बघत होते आणि मला सांगत होते, “मान बघ त्याची. खांदा बघ कसा पडलाय.”

मला नंतर कळलं, दिग्दर्शक ट्रॅव्हिस नाइट हा मुळात बाहुल्यांच्या ॲनिमेशनमधला माणूस. लायका नावाचा स्टुडिओ चालवतो. बाहुलीचा हात केसभर हलवायचा, फोटो काढायचा, परत केसभर हलवायचा, आणि अशा चोवीस चित्रांचा पडद्यावर एक सेकंद होतो. खऱ्या नटांचा हा त्याचा पहिलाच पिक्चर. मान किती झुकली की भीती दिसते हे ज्यानं वर्षानुवर्षं बोटांनी केलंय, त्याला ते लोखंडात दाखवता येणारच. लिहिलाय क्रिस्टिना हॉडसन या बाईनं. त्या पोरीला नुसतं गाडीशेजारी उभं करायला घेतलेलं नाही, हातात पाना दिलाय, आणि गॅरेज तिचं आहे. आधीच्या भागांत पोरींना काय काम होतं ते आठवून बघा. चीड येते.

आता मला सांगतील, कमाई कमी झाली. झाली, मान्य. चौथ्या भागानं 110 कोटी डॉलर कमावले, पाचव्यानं साठच्या आसपास, यानं सत्तेचाळीसच्या आसपास. पण याचा खर्चही पाचव्यापेक्षा बराच कमी होता, ते कुणी सांगत नाही. आणि गल्ल्यावरनंच पिक्चर मोजायचा असेल तर माझ्याशी बोलू नका. गोष्ट जुनीच आहे म्हणाल, तर हो, परग्रहावरचा पाहुणा आणि एकटं लेकरू हे स्पीलबर्गनं 1982 लाच ‘ई.टी.’ पिक्चरमध्ये केलंय. बरं मग?

मला राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. आपल्याकडंही हेच चाललंय. पिक्चर चालला की दुसरा भाग, तिसरा भाग, हिरो अजून मोठा, बंदूक अजून मोठी. आणि हिरोचा बाप मेला की एकच काम, बदला. बाप गेल्यावर घरात काय होतं हे या लिहिणाऱ्यांनी कधी बघितलंच नाही का? त्याची हत्यारांची पेटी तशीच पडून राहते. त्याचं अर्धवट राहिलेलं काम कुणी उचलत नाही. ‘बम्बलबी’त ती गाडी सुरू होत नाही आणि पोरगी बोनेटपुढं नुसती उभी राहते, तेवढ्यात सगळं आलं. तिथं कुणाला गोळी घालायची गरज पडली नाही.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. त्या पोराचं तरी काय चुकलं? त्यानं लहानपणापासून कापलेलेच पिक्चर बघितलेत, मधल्या शांततेत त्याला मोबाईल आठवतो. पण अण्णांचं सांगतो. त्या पिक्चरमध्ये रोबोला आवाज नाही, तो गाडीच्या रेडिओवरच्या गाण्यांचे तुकडे लावून बोलतो. अण्णांना ती गाणी ऐकूही आली नाहीत. तरी रिक्षात बसल्यावर त्यांनी नातवंडांना अख्खी गोष्ट सांगितली, एकही गोष्ट चुकली नाही. एवढंच नाही, गाडीचा दरवाजा पाठीकडं कसा वळतो आणि चाक कुठं जाऊन बसतं तेही हातानं करून दाखवलं. 2014 ला जे दिसत नव्हतं ते दिसलं त्यांना. सात रस्ता चौकापर्यंत हेच चाललं होतं, रिक्षावालाही आरशातून बघत होता.

2023 ला पुढचा भाग आला. परत मोठा पसारा, परत अख्ख्या जगावर संकट. वाईट नव्हता म्हणे. भाच्यानं फोनवर ट्रेलर दाखवला तर अण्णांनी पूर्ण बघितला आणि विचारलं, “ती पोरगी हाय का ह्यात?”

नव्हती. आम्ही नाही गेलो.