वासाला साक्षीदार कुठून आणू?

रात्रीचे पावणेबारा. खालच्या हॉटेलचा ब्लोअर घरघरतोय आणि त्याच्यासोबत माझं डोकं.

ठाण्यात पाचपाखाडीला आमच्या बिल्डिंगखाली झेरॉक्सचा गाळा होता. तिथे आता चायनीज. किचनच्या धुराचा पत्र्याचा पाइप आणून सोडलाय थेट आमच्या बेडरूमच्या खिडकीखाली. गच्चीपर्यंत नेला असता तर पत्रा जास्त लागला असता ना! संध्याकाळी सातला लसणाची फोडणी, दहानंतर जळक्या तेलाचा भपकारा. दोरीवर वाळलेला गणवेश घालून पोरगं शाळेत जातं, तेव्हा मंचुरियनसारखं घमघमतं. हसू नका.

तक्रार केली तर उत्तर काय? "त्यांच्याकडे परवानगी आहे." अहो, ती देताना वर राहणाऱ्यांना कुणी विचारलं? आणि एकदा दिली की आम्हाला अपीलसुद्धा नाही. १९६६ च्या नगररचना कायद्याचं कलम ४७ मी स्वतः बसून वाचलंय. परवानगी नाकारली किंवा अटी घातल्या, तर अर्जदाराला ४० दिवसांत अपील. ज्याच्या नाकाखाली पाइप आहे त्याने काय करायचं? हायकोर्टात रिट. शेजवान राइसच्या वासापायी फोर्टला खेटे घाला!

आवाजाला निदान आकडा तरी आहे. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६, ४५ डेसिबल. माझ्या मोबाइलवर ६८ दिसतात. साहेब म्हणाले, "अ‍ॅप चालत नाही." मग तुमचं मीटर आणा की! आणलं. सकाळी साडेनऊला. शटर बंद.

वासाचं तर बोलायलाच नको. हवेच्या राष्ट्रीय मानकांत १२ घटक आहेत, पार शिसं-निकेलपर्यंत. जळकं तेल कुठेच नाही.

हरित लवादाकडे जायचं तर पुणं गाठा, तेही त्रास पहिल्यांदा सुरू झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत. त्यातले पाच या टेबलावरून त्या टेबलावर गेले. आमचे सेक्रेटरी म्हणतात, "कशाला उगाच वाद?" बरोबर आहे, त्यांचा फ्लॅट मागच्या बाजूला.

वकिलांनी विचारलं, वासाचा पुरावा काय देणार? परवा आईने बेडरूमचे पडदे धुवायला काढले. म्हटलं, आई, थांब, पाण्यात घालू नकोस. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गच्च गाठ मारून ठेवलेत.