बँकेची पोर्टफोलिओ सेवा म्हणजे 'तज्ज्ञांनी चालवलेली एफडी' नव्हे

सोलापुरात निवृत्त कर्मचारी, शिक्षक आणि लहान कारखानदार यांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक मजकूर हातोहात फिरतो आहे. त्याचा आशय असा: एफडीचे व्याज आता पुरत नाही, म्हणून बँकेची मॅनेज्ड पोर्टफोलिओ सेवा घ्यावी, ती म्हणजे तज्ज्ञांनी चालवलेली एफडीच, मागे बँक उभी असल्याने मुद्दलाला धोका नाही, पाच वर्षांत रक्कम दुप्पट होते, शुल्क नाममात्र एक टक्का, आणि तज्ज्ञ रोज लक्ष ठेवत असल्याने आपल्याला काहीच पाहावे लागत नाही. ग्रॅच्युइटी आणि भविष्यनिर्वाह निधीची रक्कम नुकतीच खात्यात जमा झालेली माणसे या मजकुराच्या आधारे बँकेत जाऊन सह्या करत आहेत. त्यामुळे त्यातले प्रत्येक विधान तपासून पाहणे आवश्यक वाटते.

मजकुरात गृहीत धरलेली पहिलीच गोष्ट चुकीची आहे. दोन, पाच किंवा दहा लाख रुपये घेऊन बँकेत जाणाऱ्या सर्वसामान्य ग्राहकाला कायद्याच्या अर्थाने पोर्टफोलिओ व्यवस्थापन सेवा, म्हणजे पीएमएस, मिळूच शकत नाही. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या २०२०च्या नियमांनुसार या सेवेसाठी किमान गुंतवणूक ५० लाख रुपये आहे. त्याआधी ही मर्यादा २५ लाख होती. एप्रिल २०२५पासून दहा लाखांच्या किमान रकमेचे 'विशेष गुंतवणूक फंड' सुरू झाले आहेत, परंतु तोही फंडाचाच एक प्रकार आहे, तुमच्या एकट्यासाठी चालवलेला पोर्टफोलिओ नव्हे. मग पाच लाखांत बँक जे 'मॅनेज्ड पोर्टफोलिओ' म्हणून देते, ते काय असते? बहुतेक वेळा ती चार-सहा म्युच्युअल फंडांची तयार टोपली असते आणि ती विकताना बँकेची भूमिका वितरकाची असते.

हा फरक केवळ कागदोपत्री नाही. पीएमएसमध्ये व्यवस्थापकाला तुमच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार करारानेच मिळतो आणि त्याची जबाबदारीही त्याच्यावर येते. वितरकाला असा अधिकार नसतो. एका फंडातून पैसे काढून दुसऱ्यात घालायचे तर प्रत्येक वेळी तुमची संमती घ्यावी लागते, म्हणजे ओटीपी तुम्हीच द्यायचा आणि निर्णयही कागदावर तुमचाच ठरतो. वितरकाला मिळणारे कमिशन फंड कंपनीकडून येते. सेबीकडे नोंदलेल्या गुंतवणूक सल्लागाराची गोष्ट वेगळी: तो ग्राहकाकडून फी घेतो आणि त्या ग्राहकाच्या गुंतवणुकीवर कमिशन घेऊ शकत नाही. म्हणून बँकेत विचारण्याचा पहिला प्रश्न परताव्याचा नसून नोंदणीचा आहे. ही सेवा मला पोर्टफोलिओ व्यवस्थापक देतो आहे, नोंदणीकृत सल्लागार देतो आहे की वितरक? उत्तर लेखी मागावे. पुढचे जवळजवळ सगळे प्रश्न या एका उत्तरावर अवलंबून असतात.

आता सुरक्षिततेविषयी. एफडी ही ठेव आहे. ती परत करण्याची जबाबदारी बँकेवर असते आणि बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळ प्रत्येक ठेवीदाराला, प्रत्येक बँकेमागे, मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. ही मर्यादा फेब्रुवारी २०२०मध्ये एक लाखावरून पाच लाख झाली. सोलापूरकरांना हे समजावून सांगण्याची गरज नसावी, कारण सप्टेंबर २०२२मध्ये रिझर्व्ह बँकेने येथील लक्ष्मी को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रद्द केला तेव्हा 'विमा किती' हाच घराघरांतला प्रश्न होता. पोर्टफोलिओमधील फंडांना किंवा शेअरना हा विमा लागू नाही, कारण ती ठेवच नाही. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की बँक अडचणीत आली म्हणून तुमचे फंड बुडत नाहीत. ते तुमच्या नावावर असतात, बँकेच्या ताळेबंदात नसतात. पण मजकूर लिहिणाऱ्याला हे अभिप्रेत नाही. बाजार घसरला तरी बँक मुद्दल सांभाळील, असे त्याला सुचवायचे आहे आणि ते सपशेल चूक आहे.

बँकेला तशी हमी देण्याची मनाईच आहे. १९९२च्या रोखे घोटाळ्यात काही बँकांनी पोर्टफोलिओ व्यवस्थापनाच्या नावाखाली सार्वजनिक उद्योगांचे पैसे ठरावीक परताव्याच्या आश्वासनावर घेतले आणि ते बाजारात वळवले; घोटाळ्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या जानकीरामन समितीने त्यावर बोट ठेवले. तेव्हापासून रिझर्व्ह बँकेचे धोरण स्पष्ट आहे: अशी सेवा पूर्णपणे ग्राहकाच्या जोखमीवर असेल आणि ठरावीक परताव्याची हमी प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे देता येणार नाही. सेबीचे नियमही हेच सांगतात. तेव्हा 'मागे बँक आहे' हे वाक्य एखाद्या अधिकाऱ्याने उच्चारले, तर ते लेखी द्यायला सांगावे. तो देणार नाही, कारण त्याला देता येत नाही.

बाजाराची घसरण म्हणजे काय, याचा आकडा डोळ्यांसमोर हवा. जानेवारी २०२०मध्ये निफ्टी हा शेअर बाजाराचा निर्देशांक १२,३०० अंकांच्या वर होता. २३ मार्च २०२० रोजी तो ७,६१० वर बंद झाला. म्हणजे सव्वादोन महिन्यांत सुमारे ३८ टक्के. शेअरमध्ये दहा लाख असतील तर ते सव्वासहा लाखांच्याही खाली गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरपर्यंत निर्देशांक पुन्हा वर आला हे खरे, परंतु ज्याला एप्रिलमध्ये दवाखान्याचे बिल भरायचे होते त्याला नोव्हेंबरचा उपयोग नव्हता. रोखे फंडांतला भाग तरी एफडीसारखा असतो, असे म्हणणाऱ्यांनी एप्रिल २०२० आठवावा: फ्रँकलिन टेम्पल्टनने सहा रोखे योजना एकाच वेळी बंद केल्या आणि गुंतवणूकदारांना आपले पैसे टप्प्याटप्प्याने मिळण्याची वाट पाहावी लागली.

'पाच वर्षांत दुप्पट' हे विधान साध्या गणिताने तपासता येते. रक्कम पाच वर्षांत दुप्पट होण्यासाठी सर्व खर्च वजा जाता दरवर्षी जवळजवळ १५ टक्के चक्रवाढ परतावा हवा. एकूण खर्च दोन टक्के धरला तर खर्चाआधी सुमारे १७ टक्के हवेत. आता निवृत्त माणसाला सहसा सुचवला जाणारा ६० टक्के शेअर आणि ४० टक्के रोखे असा पोर्टफोलिओ घ्या. रोख्यांचा भाग ७ टक्के देत असेल, तर उरलेल्या शेअरच्या भागाने पाच वर्षे दरवर्षी सरासरी २३ टक्क्यांहून अधिक वाढायला हवे. एखाद्या पाच वर्षांच्या खिडकीत हे घडू शकते. पण त्यावर मुलीचे लग्न किंवा घराचा हप्ता बेतता येत नाही. माहितीपत्रकातला परताव्याचा आलेख एप्रिल २०२०पासून सुरू होत असेल तर तो बाजूला ठेवावा आणि जानेवारी २००८ किंवा जानेवारी २०२०पासूनचा मागावा. तळापासून मोजले की कोणताही पोर्टफोलिओ तज्ज्ञाचाच वाटतो.

मजकुरातला सर्वांत फसवा शब्द 'नाममात्र' हा आहे, म्हणून शुल्काविषयी जरा सविस्तर लिहितो. एक टक्का शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ते १.१८ टक्के झाले. त्याखाली प्रत्येक फंडाचा स्वतःचा खर्च असतो, जो फंडाच्या मूल्यातूनच रोज वजा होतो आणि म्हणून उताऱ्यावर कुठेही वेगळा दिसत नाही. डायरेक्ट, म्हणजे वितरकाशिवाय थेट घेतलेल्या बिनकमिशनच्या, योजनांतही तो पाऊण टक्क्याच्या आसपास धरला तर एकूण खर्च दोन टक्क्यांच्या जवळ जातो. दुसरीकडे काही बँका सांगतात की आम्ही एक पैसाही घेत नाही. तेथे टोपलीतले फंड रेग्युलर योजनेचे असतात, म्हणजे त्यांच्या खर्चात वितरकाचे कमिशन धरलेले असते आणि शेअर फंडांत हा खर्च अनेकदा दीड ते दोन टक्क्यांपर्यंत जातो. एकाने फी उघड घेतली, दुसऱ्याने ती फंडाच्या पोटात ठेवली. ग्राहकाच्या खिशातून जाणारी रक्कम जवळपास तेवढीच. जानेवारी २०१३पासून प्रत्येक म्युच्युअल फंडाची डायरेक्ट योजना उपलब्ध आहे. योजनेच्या नावात 'डायरेक्ट' लिहिले आहे की 'रेग्युलर', एवढे पाहायला अर्धा मिनिट लागतो.

दोन टक्क्यांनी काय होते, ते पाहू. दहा लाख रुपये १५ वर्षांसाठी गुंतवले आणि खर्चाआधी दरसाल १२ टक्के परतावा मिळाला, असे केवळ उदाहरणासाठी धरू. खर्च दोन टक्के असेल तर १५ वर्षांनी सुमारे ४१ लाख ७७ हजार हाती येतात. निर्देशांकातलेच शेअर त्याच प्रमाणात घेणाऱ्या साध्या इंडेक्स फंडाच्या डायरेक्ट योजनेत खर्च ०.४ टक्के धरला तर सुमारे ५१ लाख ८८ हजार. फरक दहा लाखांचा आहे, म्हणजे सुरुवातीच्या मुद्दलाएवढा. त्या दहा लाखांच्या बदल्यात काय मिळणार आहे, हे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण हक्क आहे.

खऱ्या पीएमएसमध्ये हिशेब आणखी मोठा होतो. ५० लाखांवर दोन टक्के स्थिर शुल्क म्हणजे एक लाख, त्यावर जीएसटी अठरा हजार. इतर व्यवस्थापन खर्च नियमाने अर्ध्या टक्क्यापर्यंत, म्हणजे पंचवीस हजारांपर्यंत, आणि शेअर खरेदी-विक्रीची दलाली त्याहून वेगळी. पोर्टफोलिओ तोट्यात असला तरी स्थिर शुल्क द्यावेच लागते. नफ्यात वाटा घेणारा पर्याय निवडला तर 'हाय वॉटर मार्क'चे तत्त्व लागू होते: ५० लाखांचे ६० झाले आणि व्यवस्थापकाने वाटा घेतला, नंतर ते ५२ वर आले आणि पुन्हा ६० झाले, तर त्या दुसऱ्या चढाईवर त्याला पुन्हा वाटा घेता येत नाही. हे कलम ग्राहकाच्या बाजूचे आहे. करारात ते कोठे लिहिले आहे हे स्वतः शोधून वाचावे.

'तुम्हाला काहीच पाहावे लागत नाही' हे मला सर्वांत घातक वाटते. शहरातल्या एका बँकेच्या शाखेत भरलेला एका निवृत्त कारकुनाचा जोखीम-क्षमतेचा फॉर्म मी पाहिला आहे. 'पैसे कधी लागतील?' यासमोर 'सात वर्षांनंतर' अशी खूण होती. 'बाजार २० टक्के घसरला तर काय कराल?' यासमोर 'आणखी गुंतवणूक करीन'. सगळ्या खुणा एकाच काळ्या शाईत, एका हाताने झरझर केलेल्या. खाली सही मात्र निळ्या शाईत, सावकाश काढलेली. त्या गृहस्थांना रक्कम दोन वर्षांत मुलीच्या लग्नासाठी हवी होती आणि त्यांनी तसे सांगितलेही होते. उद्या तोटा झाला तर कागद सांगेल की ग्राहक जोखीम घेण्यास उत्सुक होता. हा फॉर्म स्वतःच्या हाताने भरावा आणि त्याची प्रत घरी आणावी. हिरमोड झालेल्या आरएमची, म्हणजे बँकेच्या रिलेशनशिप मॅनेजरची, काळजी करू नये.

रोजच्या देखरेखीची आणखी एक बाजू कराची आहे. फंड व्यवस्थापकाने फंडाच्या आत शेअर विकले तर गुंतवणूकदाराला कर लागत नाही. तो आपण युनिट विकल्यावरच लागतो. पीएमएसमध्ये शेअर तुमच्याच डीमॅट खात्यात असतात, त्यामुळे प्रत्येक विक्री ही तुमची विक्री ठरते. फंडांच्या टोपलीत एकातून दुसऱ्यात जाणे हीसुद्धा विक्रीच. २३ जुलै २०२४पासून शेअर व शेअर फंडांच्या अल्पकालीन, म्हणजे वर्षाच्या आत विकून झालेल्या, नफ्यावर २० टक्के आणि वर्षाला सव्वा लाखावरील दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे. जितकी उलाढाल अधिक, तितका कर आधी भरावा लागतो. शिवाय अल्पकालीन नफा असलेल्या पेन्शनधारकाला आयटीआर-१ हे सोपे विवरणपत्र चालत नाही. आयटीआर-२ भरावे लागते आणि बहुतेकांना त्यासाठी सीए गाठावा लागतो. हा खर्च माहितीपत्रकात नसतो.

या सेवेचा कोणालाच उपयोग नाही, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना चालवणाऱ्या ज्या उद्योजकाकडे धंद्याबाहेरची मोठी शिल्लक आहे, दहा वर्षे ती लागणार नाही आणि बाजार पडल्यावर घाबरून सगळे विकण्याची सवय आहे, त्याला शिस्त लावणारा त्रयस्थ व्यवस्थापक फी वसूल करूनही फायद्याचा ठरू शकतो. पेन्शन नसलेल्या निवृत्ताची क्रमवारी वेगळी असावी. पहिली रक्कम ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, जिची मर्यादा २०२३पासून ३० लाख आहे. वर्ष-दोन वर्षांचा खर्च एफडीत, एका बँकेत पाच लाखांच्या आत. आणि त्यानंतर उरेल त्यातला काही भाग कमी खर्चाच्या फंडांत.

ज्यांनी सह्या केल्या आहेत त्यांनी घाईने बाहेर पडू नये. पीएमएसमध्ये बाहेर पडण्याचे शुल्क पहिल्या वर्षी जास्तीत जास्त ३ टक्के, दुसऱ्या वर्षी २, तिसऱ्या वर्षी १ आणि पुढे शून्य, अशी नियमाची मर्यादा आहे. शेअर फंडांत ते सहसा एका वर्षाच्या आत १ टक्का असते. वर्ष पूर्ण झाल्यावर शेअर फंडांवरचा करही कमी होतो, त्यामुळे प्रत्येक फंडाची खरेदीची तारीख पाहून क्रम ठरवावा आणि नवे हप्ते मात्र आधी थांबवावेत. बाजार पडल्याची तक्रार कोठेही टिकत नाही. पण चुकीची माहिती देऊन विक्री झाली असेल, तर बँकेकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी, ३० दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे, आणि सेवा पीएमएस किंवा फंडाची असेल तर सेबीच्या 'स्कोअर्स' पोर्टलवरही नोंद करावी. भरलेल्या फॉर्मची प्रत नसेल तर ती आधी बँकेकडून मागून घ्यावी, कारण दोन्ही ठिकाणी तीच लागते.