रिलेवरचा डाग

मिशिगनात एप्रिलमध्ये बर्फ वितळला की गराजची दारं वर सरकतात आणि कव्हराखाली चार-पाच महिने घोरत पडलेली कॉर्व्हेट, म्हणजे शेव्हरलेची स्पोर्ट्स कार, बाहेर येते. डेट्रॉईटच्या आसपास मराठी इंजिनिअर काही कमी नाहीत. त्यांतल्या एखाद्याने मुलं कॉलेजात गेल्यावर, 'एवढ्यात चांगली टोयोटा आली असती' हा घरचा आहेर निमूटपणे स्वीकारून, १९९७ ते २००४ मधली सी५ पिढीची कॉर्व्हेट घेतलेली असते. ५.७ लिटरचं व्ही८ इंजिन आणि बसायला जागा दोनच. त्यामुळे भारतातून आई-वडील आले की कोणाला घरी ठेवायचं हा प्रश्न दर फेरीला नव्याने सोडवावा लागतो. तर किल्ली फिरते, इंजिन गुरगुरतं आणि डॅशबोर्डवर पाटी येते: 'सर्व्हिस ट्रॅक्शन सिस्टीम'. पाठोपाठ 'सर्व्हिस ॲक्टिव्ह हँडलिंग'. शेजारी एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा, समईसारखा संथ आणि अखंड.

डीलरकडे नेली तर निदान झटपट होतं: ब्रेकचं कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे एबीएस चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा, गेलं. उपायही सोपा: बदला. अडचण इतकीच, की हे मॉड्यूल कंपनीने बनवणं केव्हाच बंद केलं आहे. म्हणजे वैद्याने नाडी बघून संजीवनी लिहून द्यावी आणि वर सांगावं, द्रोणागिरी सध्या स्टॉकमध्ये नाही. मला मात्र डीलरचा राग येत नाही. त्याच्या दुकानात सुटे भाग बदलण्याची सोय आहे, भाग दुरुस्त करण्याची नाही. मॉड्यूल उघडून आत डाग देणाऱ्या माणसाला त्याच्या बिलात रकानाच नाही, आणि उद्या ब्रेकवरून काही झालं तर वकील त्याच्याच दारात उभा राहणार.

डाग म्हणजे आपल्या सोनाराचा आणि रेडिओवाल्याचा डाग, सोल्डरचा. सारं रामायण शेवटी त्याच्यापाशी येऊन थांबतं. पण तिथे पोचायच्या आधी चार फुकटच्या परीक्षा द्याव्या लागतात, आणि त्या टाळून थेट मॉड्यूल उपटणारे लोक पाहिले की मला 'आजार म्हशीला, औषध पखालीला' ही म्हण कोणी काढली असेल ते कळतं.

पहिली परीक्षा गाडी स्वतःच घेते. सी५मध्ये कोड वाचायला स्कॅनर लागत नाही, हे तिच्या अनेक मालकांनाही ठाऊक नसतं. किल्ली ऑन, इंजिन बंद. रिसेटचं बटण एकदा दाबून डॅशबोर्डवरच्या पाट्या हटवायच्या. मग ऑप्शन्सचं बटण दाबून धरायचं आणि दहा सेकंदांच्या आत फ्यूएलचं बटण चार वेळा दाबायचं. तिजोरी उघडल्यासारखं वाटतं. गाडी आपल्या एकेका मॉड्यूलची हजेरी घेते. आपल्याला हवी ती ओळ '२८-टीसीएस' नावाने येते आणि तिच्यापुढे कोड. कोडामागे एच असेल तर तो जुना इतिहास, सी असेल तर चालू तक्रार, दोन्ही असतील तर जुनंच दुखणं पुन्हा उपटलंय. सगळं कागदावर लिहून घ्यायचं. न लिहिता रिसेट दाबून धरणारा माणूस पुरावा पुसून मग पोलिसांना बोलावतो.

आता लिहिलंय काय ते बघा. सी१२२१ ते सी१२२८ किंवा सी१२३२ ते सी१२३५ यांतलं काही असेल तर मॉड्यूलला हात लावू नका, ते बिचारं निरपराध आहे. हे कोड चाकांच्या वेगाच्या सेन्सरचे. या गाडीत सेन्सर चाकाच्या हबमध्येच, म्हणजे चाक ज्यावर फिरतं त्या मधल्या भागातच, बसवलेला असतो आणि तिथून एक छोटी वायर गाडीच्या वायरिंगला जाते. ती वायर चाकाबरोबर रोज वर-खाली, डावी-उजवी होते, घासते आणि आतून तुटते. बाहेरून मात्र नव्यासारखी. मल्टिमीटर लावून सेन्सरच्या दोन टोकांमध्ये रोध मोजा: हजार ओमच्या आसपास हवा. अनंत दाखवला तर तार तुटली. मीटर एसी व्होल्टवर ठेवून जॅकवर उचललेलं चाक हाताने गरागरा फिरवा, साधारण सेकंदाला एक फेरा. शंभर मिलिव्होल्टच्या वर यायला हवेत. मोजताना कोणाला तरी वायर हळूच हलवायला सांगा. आकडा नाचला की चोर सापडला. आकडे ठीक आणि कोड मात्र 'वेगात फार चढउतार' असा येत असेल, तर चाक वर-खाली धरून हलवून बघा. हबचं बेअरिंग ढिलं झालं की सेन्सरमधलं अंतर बदलतं आणि मॉड्यूलला वाटतं चाक घसरतंय. मग सिग्नलला अगदी हळू थांबतानाही पायाखाली एबीएस कुरकुरतं. नवा हब घेताना सर्वांत स्वस्त घेऊ नये. नवा कोरा असूनही खोटं बोलणारा सेन्सर त्यातच मिळतो.

सी१२८८ दिसला तर तो स्टीअरिंगच्या दांड्यावरच्या सेन्सरचा. पुष्कळदा साफसफाईने भागतं. सी१२४३ म्हणजे पंपाची मोटर अडकली, ते वेगळं आणि महाग प्रकरण.

आणि सी१२१४ आला तर खुर्ची घेऊन बसा. मॉड्यूलच्या पोटातल्या रिलेपर्यंत, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचपर्यंत, किंवा त्याच्या पुढे वीज पोचत नाही, असं त्याचं म्हणणं. इथे शंभरातले नव्याण्णव जण मॉड्यूलवर झडप घालतात. थांबा. गाडी हिवाळाभर झोपलेली होती, तिची बॅटरी कशी आहे? रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट असावेत, इंजिन सुरू असताना १३.८ ते १४.५. अशक्त बॅटरीवर ही गाडी जे भुताटकीचे कोड काढते ते बघून मांत्रिक लाजेल. शिवाय या गाडीत बॅटरीखालीच इंजिनचा कॉम्प्युटर आणि वायरिंग आहे. बॅटरी पाझरली की आम्लाचा अभिषेक थेट त्यावर. बॅटरी उचलून खाली एकदा टॉर्च मारा. पांढरं-हिरवं काही दिसलं तर आधी ते निस्तरा.

मग फ्यूज आणि अर्थिंग. अर्थिंगच्या बाबतीत ओम मोजून समाधान मानणं हा भाबडेपणा आहे. शंभर तारांपैकी एक तार शाबूत असली तरी मीटर 'सब ठीक' म्हणतो, कारण मीटर त्यातून मुंगीएवढी वीज पाठवतो. पंपाची मोटर हत्तीएवढी मागते. म्हणून भार चालू असताना व्होल्ट मोजायचे: मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं मॉड्यूलच्या अर्थच्या पिनला. ०.१ व्होल्टच्या वर गेलं तर बोल्ट सोडा, चॅसिसवरचा पृष्ठभाग पॉलिश पेपरने चकचकीत करा, घट्ट आवळा, वर थोडं ग्रीस. खर्च: एक पॉलिश पेपर आणि संध्याकाळची चहाची वेळ.

हे सगळं निर्मळ निघालं आणि तरी सी१२१४ ठाण मांडून बसला, तर दोष आत आहे. त्याची खूण अशी की गाडी थंड असताना सगळं शांत, इंजिन तापलं की पाट्या सुरू. कधी उलट. मॉड्यूल इंजिनच्या कडेला बसून वीस-पंचवीस वर्षं भाजून निघालेलं असतं. तापलं की तांबं, प्लास्टिक आणि सोल्डर प्रत्येक आपापल्या चालीने फुगतं, निवलं की आकसतं. रिले हा आतल्या सर्किटच्या पाटीवरचा वजनदार गडी, रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला आपल्या पायांवर हिसका देतो. शेवटी पायाभोवतीच्या सोल्डरला गोल तडा जातो. भिंग लावलं तर दिसतो, करगोट्यासारखा, केसाएवढा. आणि त्या केसासाठी हजाराच्या गोष्टी चाललेल्या असतात. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हाच.

आता पर्याय. भंगारवाल्याकडून जुनं मॉड्यूल घ्यावं असं प्रत्येकाला पहिल्यांदा सुचतं, आणि माझा त्याला ठाम विरोध आहे. ते मॉड्यूल तुमच्या मॉड्यूलचं जुळं भावंड असतं: त्याच वर्षी जन्मलेलं, तेवढेच उन्हाळे भोगलेलं, त्याच जागी तडा जाण्याच्या बेतात असलेलं. घ्यायचंच असेल तर पार्ट नंबर अंक न् अंक जुळवा. १९९७ ते २०००चं मॉड्यूल वेगळं, २००१ ते २००४चं वेगळं, आणि दुरुस्तीला त्यातल्या त्यात सरळ ते दुसरं.

शहाणा पर्याय म्हणजे फक्त मॉड्यूल काढून ते पोस्टाने दुरुस्तीवाल्यांकडे पाठवणं. साधारण दीडशे ते साडेतीनशे डॉलरच्या घरात काम होतं. पाठवण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा: माझंच मॉड्यूल परत येणार की दुसरं, तपासणी खरा भार टाकून करता की नुसती नजरेने, आणि वॉरंटी किती. स्वतःचंच परत आलं तर पुन्हा प्रोग्रामिंगची भानगड सहसा उरत नाही.

काढण्याची पद्धत अशी. बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडा. ड्रायव्हरच्या बाजूला इंजिनच्या कडेला खोलात ब्रेकच्या नळ्या ज्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात जातात तो शोधा. त्याला चिकटलेला काळा प्लास्टिकचा डबा म्हणजे मॉड्यूल. कनेक्टरची कडी उघडून तो सरळ ओढा. ठोकळ्याच्या ब्रॅकेटचे नट ढिले केले की तो जरासा वर येतो आणि मग मॉड्यूलचे टॉर्क्स स्क्रू हाताशी येतात. जरासा म्हणजे जरासाच, नळ्यांना घडी पडता कामा नये. नळ्यांचे नट मात्र अजिबात सोडायचे नाहीत. मॉड्यूल आणि ठोकळा वेगळे होताना ब्रेकच्या तेलाचा एक थेंबही सांडत नाही, हीच या रचनेची गंमत: मॉड्यूलमध्ये फक्त कॉइल असतात, त्या व्हॉल्व्हच्या दांड्यांवर टोपीसारख्या बसलेल्या. सरळ बाहेर ओढा, तिरकं ओढाल तर टोपीबरोबर डोकं जायचं. उघड्या दांड्यांवर लगेच स्वच्छ पिशवी बांधा. नळी सोडलीच तर आत हवा शिरते. ठोकळ्यातली हवा नुसत्या पेडल मारण्याने निघत नाही, पंप आणि व्हॉल्व्ह आळीपाळीने चालवणारा टेक २ स्कॅनर लागतो, आणि तो बहुधा कोणाकडे असतो? त्याच डीलरकडे.

हाताला सोल्डरिंगची सवय असेल तर तिसरा पर्याय गराजमध्येच. झाकण स्क्रूने नाही, चिकटवून बसवलेलं असतं. कडेने बारीक कटरने दोन-तीन मिलिमीटरच कापायचं, कारण त्याखाली लगेच पाटी आहे. भुसा व्हॅक्यूमने ओढून घ्यायचा, फुंकायचा नाही. फुंकर थेट रिलेखाली कचरा ढकलते. रिलेच्या पायांवरचं जुनं सोल्डर तांब्याच्या तारांच्या वेणीने शोषून काढा. जुन्यावर नवं थापणं म्हणजे ओल धरलेल्या भिंतीला रंग. सोल्डर नीट धरावं म्हणून फ्लक्स लावा, सोल्डरिंगची साठ वॉटची इस्त्री, टोकाला साडेतीनशे अंश, आणि ६३/३७चं शिसं असलेलं सोल्डर. प्रत्येक पायाला दोन-तीन सेकंद, डाग चकचकीत आणि उतरत्या कडांचा दिसला पाहिजे. गोळा झाला तर पुन्हा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढा. झाकण बंद करायला सिलिकॉन घ्याल तर न्यूट्रल क्युअरचं घ्या. बाथरूमचं, व्हिनेगरसारखा वास येणारं, नको. तो वास ॲसेटिक ॲसिडचा असतो आणि आत महिन्याभरात लोणचं घालतो. चोवीस तास सुकू द्या. हा शहाणपणा सगळ्या गाड्यांना लागू नाही. काही युरोपी गाड्यांच्या मॉड्यूलमध्ये सोल्डरऐवजी केसाहून बारीक ॲल्युमिनियमच्या तारा सिरॅमिक पाटीला जोडलेल्या असतात. तिथे इस्त्री घेऊन जाणं म्हणजे कुऱ्हाडीने दाढी.

मधल्या काळात गाडी चालवावी का? एबीएस बंद पडलं तरी साधे ब्रेक चालतात, फक्त ओल्या रस्त्यावर जोरात दाबले तर चाकं जाम होतात. पण ज्या गाड्यांत मागच्या चाकांच्या ब्रेकचा दाबही हेच मॉड्यूल ठरवतं, तिथे पिवळ्याच्या जोडीला ब्रेकचा लाल दिवाही पेटला तर मागची चाकं आधी अडकून गाडी फिरू शकते. लाल दिवा म्हणजे गाडी उभी. इथे काटकसर संपते. आणि पेडल खाली बसत असेल किंवा तेल कमी होत असेल तर हा लेख बाजूला ठेवा. ते दुखणं विजेचं नाहीच.

मॉड्यूल बसवलं, स्क्रू सारख्या ताणाने आवळले, कनेक्टरची कडी खट्कन बसली की कोड पुसा आणि रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये जा. निघाल्यावर थोडा वेग आला की खालून एक छोटा 'घुर्र' येतो, ती मॉड्यूलची स्वतःची चाचणी. ताशी पंचवीस मैलांवर ब्रेक कचकन दाबा. पेडल पायाखाली थरथरलं, टायर किंचाळले नाहीत, तर काम झालं. मग इंजिन पूर्ण तापेपर्यंत, निदान अर्धा तास, गाडी फिरवा, कारण तडा तापल्यावरच बोलत होता.

पाटी शांत असते. अर्धा मैल, एक मैल, काहीच नाही. मग टिंग होतं आणि तिच्यावर अक्षरं उमटतात: 'हॅच अजार'. डिकीचं झाकण नीट लावलं नाही म्हणतेय. हत्यारांची पेटी मध्ये आलीय.