प्रचार म्हणजे फक्त खोटं नव्हे

युद्धकाळातला सरकारी प्रचार म्हणजे निव्वळ थापा, असं एका लेखात म्हटलंय. हे पटत नाही. मुरलेला प्रचार खऱ्या वस्तूवरच उभा राहतो, म्हणून तर तो खोडून काढणं इतकं अवघड जातं.

लुसिटानियाचं पदक बघा. जर्मन पाणबुडीने हे ब्रिटिश प्रवासी जहाज ७ मे १९१५ला बुडवलं, जवळपास १,२०० माणसं गेली. म्युनिकच्या कार्ल गोट्झने त्यावर खाजगीरीत्या पदक काढलं. एका बाजूला तोफा-विमानांनी लादलेलं बुडतं जहाज, दुसऱ्या बाजूला क्युनार्ड या जहाजाच्या मालक कंपनीच्या तिकीटखिडकीत बसलेला सांगाडा. रोख होता कंपनीच्या नफेखोरीवर. पण तारीख चुकून ५ मे पडली. ब्रिटिशांनी नेमकं तेच पकडलं: बघा, हल्ला आधीच ठरला होता! मूळ पदकं काही शेच असतील; लंडनमध्ये मात्र सुमारे अडीच-तीन लाख नकला ओतल्या गेल्या आणि माहितीपत्रकासह डबीत घालून एका शिलिंगला विकल्या. गोट्झने तारीख दुरुस्त केली, तोवर फार उशीर झाला होता. पदकावरच्या तारखेत जर्मन 'माई'ऐवजी इंग्रजी 'मे' दिसलं, तर ती ब्रिटिश नक्कल.

आणि जे सांगितलंच नाही तेही महत्त्वाचं. जहाजात रायफलींच्या काडतुसांच्या ४,२०० पेट्या होत्या, मालाच्या यादीत तशी नोंद होती. पत्रकात त्यावर भर देण्याचं कारणच नव्हतं. १,२०० माणसांचा जीव गेला हे खरंच, त्याचं दुःखही खरं. म्हणूनच वाचणाऱ्याला पेट्यांबद्दल विचारायचं सुचत नाही.