जाड स्वेटरात बारीक कसे दिसावे?

साठी उलटल्यावर तुम्हाला थंडी जास्त वाजू लागली असेल, तर पहिला सल्ला असा की वाजू देऊ नका. वय वाढतं तशी कातडीखालची चरबी पातळ होते, स्नायू कमी होतात, शरीरात उष्णता कमी तयार होते, वगैरे डॉक्टरांचं म्हणणं. फॅशनवाल्यांचं म्हणणं वेगळं आहे. त्यांच्या मते साठीनंतर स्वेटर ऊब मिळावी म्हणून घालत नाहीत. पोट, दंड, मान आणि जन्मतारीख झाकावी म्हणून घालतात. हे एकदा मनाशी पक्कं केलंत की पुढचं सोपं आहे.

सध्या चलती आहे जाड विणीच्या स्वेटरची. जाडजूड लोकर, छातीवर वेण्यांची नक्षी, खांदे उतरलेले, बाह्या पार बोटांपर्यंत. पंचविशीतल्या मुलीने तो घातला की सगळे ‘किती गोड’ म्हणतात. तुम्ही घातलात की विचारतात, ‘बरं नाही का?’ हा फरक मिटवायचा आहे.

स्वेटर विकत घ्यायची गरज नाही. मुलगा किंवा मुलगी परदेशी असली की तो आपोआप येतो. शिकागोच्या उणे पंधरासाठी विणलेला हा ऐवज मोठ्या प्रेमाने बॅगेतली अर्धी जागा अडवून कोथरुडात उतरतो. मग प्रश्न येतो हवामानाचा. पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी पारा १.७ अंशांवर गेला होता. तो मुहूर्त आपला हुकला. आता ऐन थंडीत पहाटे दहा-अकरा अंश आणि दुपारी तीसच्या आसपास, म्हणजे स्वेटरला खरा वाव सकाळी सहा ते साडेआठ एवढाच. या अडीच तासांत जे काही बारीक दिसायचं ते दिसून घ्या. मुंबईकरांनी हा लेख केवळ ज्ञान म्हणून वाचावा. तिथे अठरा अंशांना कपाटातून स्वेटर निघतात आणि दादर येईपर्यंत कमरेला बांधलेले असतात. खरी संधी निफाडकरांना. तिथे कडाका वाढला की शेतकरी द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात, द्राक्षांना थंडी बाधू नये म्हणून. द्राक्षं गरगरीत असलेलीच सगळ्यांना आवडतात, त्यामुळे त्यांना कुणी सल्ले देत नाही.

आता मूळ नियम. जाड स्वेटरात कंबर हरवते, म्हणून ती दाखवा. त्यासाठी स्वेटरची पुढची कड अर्धवट आत खोचायची, मागची मोकळी सोडायची. हा नियम ज्यांनी केला त्यांनी तुम्हाला पँट घातलेली गृहीत धरलं आहे. तुम्ही साडी नेसत असाल, तर किलोभर लोकरीची कड निऱ्यांच्या शेजारी खोचून बघा. पहिल्यांदा परकराची नाडी निषेध नोंदवते. मग निऱ्या एकेक करून सुटायला लागतात, आणि पोटाच्या डाव्या बाजूला एक नवंच पोट तयार होतं, जे तुमचं नाही. पण कंबर दिसते. नेमकी कुठली, ते विचारू नका.

पदराचं काय करायचं, यावर फॅशनचं जागतिक शास्त्र गप्प आहे. पदर स्वेटरच्या आत घेतला तर डावा खांदा उजव्यापेक्षा चार बोटं उंच होतो. पदर वरून घेतला तर ज्यासाठी एवढा खटाटोप केला त्या वेण्या झाकल्या जातात. मधला मार्ग म्हणजे पंजाबी ड्रेस. तो घातलात तर ओढणीचा प्रश्न येतो, तेव्हा आपण पुढे जाऊ.

गळा व्ही आकाराचा असावा; त्याने मान लांब दिसते. मानेला मात्र त्याने गार वारा लागतो, म्हणून मफलर गुंडाळावा लागतो, आणि मफलर गुंडाळला की व्ही दिसत नाही. तरी गळा व्हीच असावा. आत तो आहे, हे तुम्हाला ठाऊक असलं की चालण्यात एक डौल येतो म्हणे.

ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी उंच, दुमडत्या गळ्याचा स्वेटर आहे. त्याने हनुवटीखालचा सगळा प्रदेश झाकला जातो, म्हणून साठीनंतर त्याची फार शिफारस होते. घालणं त्या मानाने सोपं. खरी परीक्षा काढताना. सकाळचे नऊ वाजलेत, तुम्ही मंडईत मटार निवडताय, ऊन तापलंय. हात वर करून स्वेटर ओढायला लागता, तर आखडलेला खांदा अर्ध्यावरच नाही म्हणतो. आता डोकं आत, हात वर. चष्म्याची एक काडी वेणीत अडकलेली, कानातलं यंत्र लोकरीवर घासून थेट मेंदूत खरखरतंय, अंबाड्याचा आकडा कुठेतरी टोचतोय आणि मंगळसूत्राची वाटी नेमक्या एका टाक्यात गुंतली आहे. बाहेरून भाजीवाल्याचा आवाज येतो, ‘मावशी, पाव किलो की अर्धा?’ अशा वेळी घाबरू नका. आतून शांतपणे ‘अर्धा’ म्हणा. या अवस्थेत बाई बारीक की जाड, हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणजे हेतू साध्य झालाच.

एक धोक्याची सूचना. दिवाळी सरली की गावोगावी तिबेटी विक्रेत्यांचे स्टॉल लागतात. माल बराचसा लुधियान्याचा. तिथली बाई तुमच्याकडे एकदा बघते आणि काही न विचारता एक मरून कार्डिगन पुढे करते. पुढून बटणं, दोन खिसे, साधी वीण. ते अजिबात घेऊ नका. ते घालता येतं, काढता येतं, धुता येतं आणि त्यात ऊबही असते. म्हणजे फॅशनच्या दृष्टीने ते चारही विषयांत नापास. शिवाय त्याला खिसे आहेत. साठीनंतर बाईच्या खिशात किल्ली, रुमाल, लवंगा, बसचे सुटे पैसे आणि शुगर उतरली तर असावी म्हणून लिमलेटची गोळी असते. त्याने बाजूची रेघ बिघडते. चक्कर आली तरी चालेल, रेघ सरळ हवी.

रंगाबद्दल थोडक्यात. फिक्या रंगात चेहरा उतरलेला दिसतो, भडक रंगात वय लपवताय असं दिसतं, पांढऱ्यात माणूस फुगतो. काळा मात्र बारीक दाखवतो. आपल्याकडे काळ्याला हक्काचा एकच दिवस, त्यामुळे संक्रांतीला तुम्ही बारीक दिसाल आणि किंक्रांतीला पूर्ववत.

वेण्या उभ्या असाव्यात, आडव्या नकोत, असंही सांगतात. या वेण्यांचे स्वेटर नावाजले ते आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या अरन बेटांमुळे. तिथल्या बायका ते विणत. लोकरीतला मेंढीचा तेलकटपणा धुऊन टाकत नसत, म्हणजे पाण्याचे शिंतोडे आत मुरत नाहीत. प्रत्येक घराण्याची वेणी निराळी असे आणि बुडालेल्या कोळ्याची ओळख त्यावरून पटे, अशी एक कथा विकणारे रंगवून सांगतात. तिला आधार नाही, पण तिने खप वाढतो. अटलांटिकच्या वाऱ्यात होडी हाकणाऱ्या त्या बाप्यांना ‘जरा तिरके बसा, पोट दिसतंय’ असं कुणी सांगितल्याचं मात्र कथेतसुद्धा नाही.

बाप्यांवरून आठवलं. घरातल्या यजमानांकडे एकदा बघा. पायजमा, त्यावर तुमच्या बहिणीने त्यांच्यासाठी कधीकाळी विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर, ज्याला आता डांबरगोळ्यांचा कायमचा वास आहे. त्यावर मफलर, पायात मोजे आणि सपाता, डोक्यावर माकडटोपी. टोपीतून फक्त चष्मा आणि मत एवढंच बाहेर. त्यांना व्ही गळा, उभी रेघ, कंबर यातलं काही माहीत नाही. ते सोसायटीच्या बाकावर बसून महापालिकेला शिव्या घालतात आणि लोक त्यांना ‘काका अजून ठणठणीत आहेत’ म्हणतात. तुम्ही त्यांचं अनुकरण करू नका. ऊब लागायची सवय वाईट. एकदा लागली की सुटत नाही.

स्वेटर धुवायचा तेव्हा कोमट पाणी, रिठ्याचा फेस, पिळायचं नाही, पंचात गुंडाळून दाबायचं आणि सावलीत चटईवर आडवा वाळवायचा. तारेवर टांगलात तर तो गुडघ्यापर्यंत लांबेल. हे मी थट्टेत सांगत नाही. लांबलाच तर काळजी नको. लांब स्वेटर नितंब झाकतो, म्हणून त्याचीही शिफारस आहेच. गरम पाण्यात आटला तर आखूड स्वेटरने पाय लांब दिसतात, अशीही एक शिफारस सापडेल.

शेवटी फोटो. ज्याने स्वेटर पाठवला त्याला तो दाखवायलाच हवा. थोडं तिरकं उभं राहा, एक पाय पुढे, श्वास आत, हनुवटी किंचित पुढे आणि खाली, बाही मनगटापर्यंत वर सारा, कारण मनगट हा आपला उरलेला एकमेव सडपातळ भाग. यजमानांना कडेला उभं करा, म्हणजे तुलनेने तुम्ही बारीक दिसाल. श्वास रोखून धरा. त्यांना मोबाईलचा टायमर लावायला वेळ लागतो. फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाका आणि वाट बघा. रात्री कधीतरी शिकागोला सकाळ होईल, आणि उत्तर येईल, ‘आई, बाबांची टोपी भारी आहे. कुठे मिळाली?’