लिंबू दर शनिवारी, ऑइल सवडीने

ट्रकच्या बंपरला लटकणारी लिंबू-मिरची दर शनिवारी न चुकता बदलली जाते. त्यासाठी सर्व्हिस बुक उघडावं लागत नाही की शोरूममधून फोन यावा लागत नाही. माझी इंजिनाच्या वतीने एवढीच तक्रार आहे की लिंबाच्या बाबतीत इतका काटेकोर असलेला माणूस ऑइलचा विषय निघाला की 'एवढी एक ट्रिप मारून येऊ द्या' म्हणतो. त्या ट्रिपला परतीचं भाडं मिळतं, आणि परतीच्या भाड्याला पुढचं.

ऑइल बघायचीही एक पद्धत पडली आहे. मिस्त्री पट्टी ओढतात, थेंब दोन बोटांत घोळवतात, सोनाराने कस लावावा तसा चेहरा करतात आणि 'काळं पडलंय' असा निकाल देतात. अहो, डिझेल इंजिनातलं ऑइल काळंच पडणार! काजळी पोटात धरून ठेवायची हीच त्याची नोकरी. ओतल्यावर चार दिवसांत काळं झालं तर ते कामावर रुजू झालं म्हणायचं. घाबरायचं दुसऱ्याच गोष्टींना. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. न ओतताच पातळी चढत असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं नोझल आधी तपासा. पट्टी बघायची ती गाडी सपाट जागी लावून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी. आणि पातळी दोन खुणांच्या मध्येच हवी. 'असू दे थोडं वर' हा आग्रह पंगतीत शोभतो. इंजिनात जादा ऑइल क्रँकच्या फटक्यात सापडतं, घुसळून त्याचा फेस होतो आणि बेअरिंगच्या वाट्याला फेसच येतो.

एअर फिल्टरवर तर आपलं जास्तच प्रेम. ऊसवाहतुकीच्या दिवसांत शेतातली धूळ खाऊन फिल्टर भरला, की तो बाहेर काढून टायरवर बडवायचा आणि पंक्चरवाल्याकडची हवा मारायची. ही हवा टायरसाठी असते, कागदासाठी नव्हे. कागदाला टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात, फिल्टर दिसायला चकचकीत होतो आणि बारीक माती थेट लायनरवर (सिलिंडरच्या आतल्या नळकांड्यावर) आणि पिस्टनच्या रिंगांवर पॉलिश पेपरसारखी फिरू लागते. मग इंजिन ऑइल पिऊ लागतं आणि शिव्या ऑइल कंपनीला बसतात. गंमत म्हणजे थोडा मळलेला फिल्टर नव्यापेक्षा चांगला गाळतो, कारण बसलेली धूळच पुढच्या धुळीला अडवते. म्हणून फिल्टर भरल्याचं सांगणारा इंडिकेटर लाल होईपर्यंत त्याला उगाच उघडू नये. आतला छोटा फिल्टर तर कधीच साफ करायचा नसतो, बदलायचाच असतो. आणि फिल्टरनंतरचा रबरी पाइप कुठे चिरला नाही ना, क्लिप सैल नाही ना, हेही बघावं. नाहीतर पुढचं दार बंद आणि मागची खिडकी उघडी.

आता इंजिन थंड ठेवणारं पाणी. 'आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? कूलंट कशाला?' हा बिनतोड वाटणारा प्रश्न मी हजारदा ऐकला आहे. बर्फाचा इथे संबंधच नाही. ट्रकच्या बऱ्याच इंजिनांत लायनरच्या बाहेरच्या अंगाला थेट पाणी लागतं. प्रत्येक स्फोटाला लायनर थरथरतो, पाण्यात बारीक बुडबुडे होतात आणि त्याच्याच अंगावर फुटतात. एकेक बुडबुडा किरकोळ, पण लाखो बुडबुड्यांनी लोखंडाला आरपार भोक पडतं. कूलंटमधली रसायनं लायनरवर पातळ कवच धरतात म्हणून तो वाचतो. बोअरचं पाणी कवच धरत नाही, क्षार मात्र मनापासून धरतं. कूलंट निम्मं आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं, एवढाच हिशेब आहे.

गाडी तापली की थर्मोस्टॅट काढून फेकणं हा दुसरा रामबाण. रेडिएटरकडे पाणी सोडणारा तो वाल्व साधारण ८० अंशांच्या पुढे उघडतो, कारण इंजिनाला गरम राहणंही गरजेचं असतं. काढून टाकला तर इंजिन थंड पडून झिजतं, आणि काही इंजिनांत बायपासची वाट उघडीच राहिल्यामुळे चढावर जास्तच तापतं.

टर्बोच्या, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या, नशिबी वेगळाच न्याय. पूर्ण लोडवर त्याचा दांडा मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेतो, तोही ऑइलच्या पातळ थरावर तरंगत. कसारा घाट चढून आल्याबरोबर ढाब्यावर चावी बंद केली, तर ऑइलचा पुरवठा थांबतो आणि लालबुंद टर्बोत अडकलेलं ऑइल जळून तिथेच कोळसा होऊन बसतं. तीन ते पाच मिनिटं आयडलवर ठेवा, एवढंच मागणं आहे. ती तीन मिनिटं मिळत नाहीत. पण जेवण, चहा, तंबाखू आणि राजकारण आटपेपर्यंत तासभर इंजिन फुरफुरत ठेवायला कुणाची हरकत नसते. त्यात सिलिंडर थंड पडतो आणि अर्धवट जळलेलं डिझेल लायनरवरचं ऑइल धुऊन काढतं.

बीएस-६ गाड्यांनी, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतरच्या, आणखी एक टाकी आणली. धूर स्वच्छ करायला तिच्यात ३२.५ टक्के युरियाचं शुद्ध द्रावण लागतं. 'युरियाच ना? घरी पोतं पडलंय' म्हणणारे निघतात. खताचा युरिया गेली काही वर्षं कडुनिंबाचं तेल लावून येतो. पाडव्याला आपल्याला चालतो, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिस्टला कडुनिंब बाधतो. ऑइलही पुस्तकात लिहिलेल्या कमी राखेच्या ग्रेडचंच हवं. राख डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीत, बसली की कितीही तापवा, जळत नाही.

आणि डिझेल फिल्टर बदलताना त्यात बाटलीतलं डिझेल ओतून भरणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. ओतलेलं गाळलेल्या बाजूला गेलं, तर फिल्टरची गरजच काय? कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या नोझलना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, दाब १६०० बारच्या पुढे जातो आणि तिथे धुळीचा कण नोझलला गोळीसारखा लागतो. हातपंप मारूनच एअर काढा. दंड दुखेल, नोझलचं बिल आल्यावरच्या डोकेदुखीपेक्षा कमी.

शनिवारी लिंबू बांधायला खाली वाकलातच, तर डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या वॉटर सेपरेटरचा कॉक उघडून स्वच्छ डिझेल येईपर्यंत पाणी सोडा, हे खरं तर रोजचं काम आहे. पट्टी बघा, इंडिकेटर बघा. आणि लिंबू, गोंडे, काळी बाहुली, चमचमती झालर हे सगळं जाळीच्या बाजूला बांधा, समोर नको. मागे रेडिएटर आहे, त्याला श्वास घ्यायचा असतो.