नवीन गोष्ट नको, असं प्रेक्षक कधी म्हणाले?

'लोकांना नवीन गोष्ट नकोच आहे. सिक्वेलच चालतात, त्यात धोकाही नाही. स्टुडिओ मागणी तसा पुरवठा करतात.' हॉलिवूडबद्दलचा हा युक्तिवाद सध्या सगळीकडे फिरतोय. तो मला पटत नाही.

'सिक्वेलच चालतात.' २०२४ पुरतं मान्य. त्या वर्षी जगभरात सगळ्यात जास्त कमावलं ते 'इनसाइड आउट २'ने, दीड अब्ज डॉलरच्याही वर. पण २०१५ मध्ये त्याचा पहिला भाग कोरी करकरीत गोष्ट म्हणूनच आला होता. आज नवीन काही काढलं नाही, तर दहा वर्षांनी भाग २ कशाचा काढणार?

'धोका नाही.' २०१९ च्या 'जोकर'ने एक अब्ज डॉलर ओलांडले. २०२४ मधला त्याचा पुढचा भाग, खर्च कितीतरी वाढवूनही, २० कोटींच्या आसपास अडकला.

'नवीन सिनेमाला लोक जातच नाहीत.' याचा मला खरोखर राग येतो. दिग्दर्शक रायन कूगलरचा 'सिनर्स' एप्रिल २०२५ मध्ये आला. ना तो कादंबरीवर बेतलेला, ना जुन्या सिनेमावर. अमेरिकेत पहिल्या वीकेंडला साधारण ४.८ कोटी डॉलर जमले. दुसऱ्या वीकेंडला मोठ्या सिनेमाचा गल्ला निम्म्यावर येणं नेहमीचंच, याचा ४.५ कोटींच्या वर राहिला. पहिल्या आठवड्यात गर्दी जाहिरात खेचते. दुसऱ्या आठवड्यात माणूस येतो तो कुणीतरी 'बघच' म्हणून सांगितल्यावर. २०२३ मध्ये पिक्सार या डिस्नेच्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओच्या 'एलिमेंटल'ची सुरुवात ३ कोटींच्याही आत झाली आणि तो पडला असं सगळ्यांनी धरून टाकलं. थिएटरात टिकू दिला, तर जगभरात ४९ कोटींच्या पुढे गेला.

राहिला 'मागणी तसा पुरवठा'. 'सोल', 'लुका' आणि 'टर्निंग रेड' या पिक्सारच्या तिन्ही नव्या गोष्टी अमेरिकेत थेट डिस्ने प्लस या ओटीटीवर आल्या. पहिल्या दोन वेळा करोनाचं कारण समजू शकतं. पण मार्च २०२२ मध्ये 'टर्निंग रेड' घरी पाठवला आणि जूनमध्ये 'टॉय स्टोरी'च्या कुळातला 'लाइटइयर' मात्र थिएटरात लावला. तोही चालला नाही. नवीन सिनेमा घरबसल्या मिळतो, तिकीट काढायचं ते ओळखीच्या नावासाठी, ही सवय आईवडिलांना स्टुडिओनेच लावली. जून २०२५ मध्ये 'एलियो'ला पिक्सारच्या इतिहासातली सगळ्यात कमी सुरुवात मिळाली, तेव्हा बोट मात्र प्रेक्षकांच्या आवडीकडे दाखवलं गेलं.